पाण्यातला पत्ता

रिचार्जवाली धापा टाकत अंगणात आली तेव्हा वाइंडिंगवाली एका जळक्या मोटारीच्या पोटातून तार उपसत होती. दोन्ही गुडघ्यांत मोटार दाबून धरलेली, हातात पक्कड, आणि कोपरापर्यंत काळं. अशा वेळी तिच्याशी कुणी बोलत नसे. बोललं तर ती उत्तर देत नसे, आणि दिलंच तर ते ऐकणाऱ्याला झेपत नसे.

"वहिनी, तुमची पेटी तळ्यात आहे."

वाइंडिंगवालीने मान वर करून छपराकडे बघितलं. लोखंडी नळीला बांधलेली पांढरी पेटी आणि तिच्या डोक्यावरची हातभर काठी, म्हणजे अँटेना, होती तिथंच होती. काठीवर एक चिमणी बसली होती.

"ऊन लागलंय तुला. पाणी पी."

"अहो, खरंच! जाळ्यावर तक्रार आलीय. तुमच्या पेटीचा पत्ता तळ्यातला आहे, म्हणून ती खोटी, म्हणून तिला यादीतून काढा. ठेकेदाराने केलीय. सात दिवसांची मुदत."

पेट्यांचं हे जाळं कुणा एका कंपनीचं नव्हतं. कंपनीचा टॉवर डोंगरापलीकडे होता आणि वस्तीकडे त्याने कायमची पाठ केलेली. म्हणून दीड वर्षापूर्वी ह्याच रिचार्जवालीने दारोदार फिरून लोकांच्या गळ्यात पेट्या मारल्या होत्या. ज्याच्या छपरावर पेटी, तो जाळ्याचा एक मालक. पेटी आसपासच्या मीटरांची खबर उचलायची आणि पुढे पोचवायची. ती खबर एका वहीत चढायची, आणि त्या वहीच्या प्रती ठिकठिकाणच्या हजारो यंत्रांत होत्या, त्यामुळे एकीत कुणी खाडाखोड केली तर बाकीच्या लगेच बोंब मारायच्या. ह्या पेट्यांवर लक्ष ठेवायला साहेब नव्हता. पेट्याच एकमेकींवर लक्ष ठेवत. दिवसातून दोन-चार वेळा एक पेटी हाक मारायची, आणि जिला हाक ऐकू आली ती वहीत लिहायची की अमकीची हाक मला एवढ्या जोराने ऐकू आली. त्या जोरावरून पेटी आपल्या पत्त्यावर आहे का ते कळायचं. वस्तीत ह्याला साक्ष म्हणत. साक्ष दिली की मोबाईलवर टोकन जमायचं, चहापुरतं. वाइंडिंगवालीच्या पेटीला तेवढंही जमत नसे. तिला वाटायचं, आपल्या नशिबी पेटीच मठ्ठ आली.

"दाखव मला," ती म्हणाली.

रिचार्जवालीने मोबाईल पुढे धरला. नकाशावर चहूकडून डोंगर, मध्ये निळं पाणी, आणि निळ्याच्या पोटात एक ठिपका. खाली घराच्या मालकाचं, म्हणजे तिच्या सासऱ्याचं नाव.

वाइंडिंगवालीने पक्कड खाली ठेवली. मग तिने घरात हाक मारली, "आबा, जरा बाहेर या."

आबा म्हणजे सासरे. तळं झालं तेव्हा ते चाळिशीत होते. त्याआधी नदी होती आणि आबा नदीवर नाव चालवत. धरणाच्या पाण्यात नदी गेली, घाट गेला, घर गेलं, आणि वर माळावर चौकोनी वस्ती मिळाली. आता त्यांना सत्तरी उलटून गेली होती, पण दंड अजून वल्ह्याचे होते आणि जीभही.

"पेटी लावली तेव्हा ह्या बयेने मोबाईलवर तुम्हाला काय विचारलं होतं?"

"विचारलं, आबा, तुमच्या घरावर बोट ठेवा."

"मग?"

"ठेवलं."

"कुठं?"

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि निळ्यातल्या ठिपक्यावर बोट टेकवलं. "हे काय. इथं."

रिचार्जवालीने कपाळावर हात मारला. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, नकाशा अर्धाच उमटला होता, आणि म्हाताऱ्याने बोट ठेवलं ते बघायला तिला सवड नव्हती. चूक तिचीही होती. पण घर कुठं आहे म्हटल्यावर पाण्यावर बोट ठेवणारा माणूस साऱ्या जाळ्यात दुसरा सापडला नसता.

"अहो आबा, आपण राहतो त्या घरावर ठेवायचं होतं!"

"तसं विचारायचं होतं मग. राहतो कुठं असं विचारलं असतंस तर इथं ठेवलं असतं. तू घर विचारलंस."

रिचार्जवालीने माठातलं पाणी घेतलं आणि घटाघटा प्याली.

"मग आता बदल तो पत्ता," वाइंडिंगवाली म्हणाली.

"तक्रार चालू असेपर्यंत कुलूप असतं त्याला. सात दिवसांत तीन पेट्यांनी साक्ष द्यायची की ही पत्त्यावर आहे. नाही दिली तर पेटी बाद. आणि आठव्या दिवशी पाण्याची सभा. त्याने मुहूर्त काढूनच केलीय तक्रार."

वाइंडिंगवालीच्या तोंडचं पाणीच पळालं.

तळ्यातलं पाणी पंपाने उचलून मोठ्या पाइपातून वस्तीच्या शेतांना जायचं. पंप ठेकेदाराकडे चालवायला दिला होता. पाइपाला डोकं होतं तसं शेपूट होतं. डोक्याशी ठेकेदाराची नवी फळबाग, शेपटाला वाइंडिंगवालीचं आणि आणखी अकरा घरांचं रान. रोजच्या पाळीला आठ तास पाणी, असा करार. शेपटाला आठ तास कधी पोचले नाहीत. भांडणं इतकी झाली की गेल्या वर्षी सभेने प्रत्येक शेताच्या तोंडाशी मीटर बसवले आणि ठराव केला की वहीत चढलेली नोंद खरी धरायची. शेपटाकडच्या बाराही मीटरांची खबर एकट्या वाइंडिंगवालीच्या पेटीला ऐकू यायची. आणि गेले सात महिने वही एकच सांगत होती. तीन तास. कधी सव्वातीन.

पेटी बाद झाली असती तर सात महिन्यांच्या नोंदी खोट्या पेटीच्या ठरल्या असत्या. ठेकेदाराला पुढच्या तीन वर्षांचा करार मिळाला असता आणि शेपटाकडची मिरची ह्याच महिन्यात जळाली असती.

हे सगळं एक वेळ परवडलं असतं. पण पाइपाचे वॉल्व उघडायला आणि बंद करायला ठेकेदाराने जो माणूस ठेवला होता, तो वाइंडिंगवालीचा नवरा होता.

*

दुपारी वॉल्ववाला जेवायला आला. खांद्यावरची लांब लोखंडी चावी त्याने भिंतीला टेकवली आणि दुखरा उजवा खांदा डाव्या हाताने चोळत बसला. जमिनीत पुरलेले वॉल्व गुडघ्यावर बसून फिरवायचे, एकेकाला वीस वीस फेरे. सहा वर्षांत खांद्याचं पार भुसकट झालं होतं.

त्याला सगळं कळलेलं होतं. ठेकेदाराच्या माणसांत बसल्यावर कळणारच.

"मुदत सात दिवस आहे," वाइंडिंगवाली म्हणाली.

"हं."

"बारा घरांचं आहे हे."

"मला कशाला सांगतेस?" तो ताटात बघत म्हणाला. "मी काय केलं?"

तीन तासांबद्दल त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. वॉल्व कोण बंद करतो हे मीटर सांगत नाही. पण चावी एकच होती आणि तो घरी असला की ती ह्या भिंतीला टेकलेली असायची. तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. आबांना दोघांचंही माहीत होतं आणि ते मूग गिळून बसत, जे त्यांच्या स्वभावात अजिबात नव्हतं.

"मी तुम्हाला काही विचारत नाही," ती म्हणाली. "तेवढं ध्यानात ठेवा."

तो अर्धं जेवण टाकून उठला. चावी उचलताना तो कण्हला, आणि तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

उन्हं कलल्यावर ती रानात गेली. मिरचीची पानं मुठीसारखी आवळलेली. फुलं गळून मातीत पडली होती, बोट लावलं तर चुरा. तिने वस्तीच्या नळावरून आणलेले दोन कॅन उतरवले आणि वाटीने एकेका रोपाच्या बुडाशी पाणी घालू लागली. वाटी ओतली की माती चर्र करायची आणि पाणी दिसेनासं व्हायचं. चार ओळी झाल्या. चाळीस उरल्या. शेजारच्या रानात एक म्हातारी हेच करत होती, फक्त तिच्याकडे वाटी नव्हती, कपडा भिजवून ती पिळत होती.

"पेटी गेली म्हणे तुझी," म्हातारी म्हणाली.

"गेली नाही."

"मग?"

"पत्ता चुकलाय."

"आता गं?"

वाइंडिंगवाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. खाली तळं दिसत होतं, उन्हात पत्र्यासारखं. काठाला पंपघर, त्याच्या छपरावर ठेकेदाराची पेटी. त्यालाही रिचार्जवालीनेच विकली होती. गावात कुणाकडे काही आहे आणि आपल्याकडे नाही हे ठेकेदाराला सहन होत नसे.

तिच्या डोक्यात ते आलं तेव्हा तिला आधी हसूच आलं.

"पत्ता बदलता येत नाही ना," ती म्हणाली, "मग पेटी बदलते जागा."

म्हातारीला काही कळलं नाही, पण तिने मान हलवली. वाइंडिंगवाली वाटी कॅनमध्ये टाकून ताडताड निघाली.

*

"नाव कुठाय तुमची?" तिने आबांना विचारलं.

"कोळ्यांकडे. मासे धरायला दिलीय."

"उद्या सकाळी हवी. आणि तुम्ही हवे."

आबा दाढी खाजवत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना उमगलं. वर्षानुवर्षं असं हसू त्या चेहऱ्यावर कुणी बघितलं नव्हतं.

रिचार्जवालीने मात्र हात जोडले. "वहिनी, ही तर लबाडी झाली."

"कशी? त्या यादीतला नियम काय विचारतो? पेटी पत्त्यावर आहे का. उद्यापासून असेल. आणि सभेत कुणी विचारलं, आधी कुठं होती, तर माझ्या छपरावर होती असं तोंडावर सांगणार आहे. लपवायला मी काय चोरी केलीय? चोरी पाण्याची झालीय."

सकाळी कामाला लागले. चार रिकामे पिंप, वर फळ्या, काथ्याने करकचून बांधलेल्या. मोटार दुरुस्तीच्या खोलीवरचा सौर पत्रा तिने उतरवला, गिऱ्हाइकाने सोडून दिलेली बॅटरी घेतली, पेटीचे सगळे सांधे रबर आणि मेणाने बुजवले. पाण्यात मोटार बुडवून चालवणाऱ्यांची कामं करण्यात तिची उमर गेली होती. पाण्याला कुठून शिरायला आवडतं ते तिला पाठ होतं. रिचार्जवालीने कुरकुरत एक सिमकार्ड आणलं. तळ्याच्या मधोमध डोंगर आड येत नाही, तिथं पलीकडचा टॉवर धरतो, हे तिनेच सांगितलं.

आबा वल्ह्यावर बसले. तराफा मागे दोराने बांधलेला. काठ सुटल्यावर आबांनी नकाशा बघायला साफ नकार दिला. "इकडं खिंड, तिकडं तो सुळका. सुळक्याचं टोक खिंडीत बसलं की घाट. घाटापासून उगवतीला सरळ गेलं की आमची गल्ली," असं म्हणत ते वल्ही मारत राहिले. उन्हाळ्याने तळं खूप खाली गेलं होतं. एका जागी त्यांनी वल्हं आवरलं आणि लांब बांबू पाण्यात सोडला.

"चिखल," ते म्हणाले. नाव थोडी सरकवली. "चिखल." आणखी थोडी. बांबू टक्कन वाजला. "दगड. ही मागची भिंत." आणखी दोन हात. पुन्हा टक्क, पण आवाज वेगळा. "ही चूल. तुझी सासू इथं बसायची."

रिचार्जवालीने मोबाईल बघितला. नकाशावरचा ठिपका आणि ते बसले होते ती नाव यांत बारा पावलांचं अंतर होतं.

वाइंडिंगवाली ह्या घरात कधी आली नव्हती. तिचं लग्न माळावरच्या वस्तीत झालं. सासूला तिने फोटोतच बघितलेलं. तिला वाटलं होतं आपल्याला रडू येईल, पण आला तो संताप. ह्या पाण्यासाठी हे घर बुडवलं, आणि ह्याच पाण्याचे पाच तास रोज चोरीला जातात, आणि वर खोटं कोण, तर आपण.

"नांगर टाका," ती म्हणाली.

दगड भरलेली दोन पोती तळाशी गेली. तराफा घट्ट उभा राहिला. दुपारपर्यंत दोन पेट्यांची साक्ष आली. एक कोळ्यांच्या खोपटावरची. दुसरी पंपघराची.

"ठेकेदाराची?" आबांनी विचारलं.

"त्याचीच," रिचार्जवाली खुदकन हसली. "पेटीला मालक कळत नाही. हाक ऐकली की लिहिते."

"बंद करून टाकेल तो."

"कशी करेल? त्याच्या बागेचं ठिबक त्याच पेटीवर चालतं. पेटी बंद तर बाग बंद. एवढ्या उन्हात दोन दिवस बाग कोरडी ठेवायची छाती नाही त्याची."

तिसरी साक्ष काही येईना. रिचार्जवालीच्या दुकानावरची पेटी टेकडीआड होती. दुसऱ्या दिवशी वाइंडिंगवालीने आबांचा लांब बांबू तराफ्यावर उभा केला, तीन बाजूंनी तार ताणली आणि अँटेना वर चढवली. बांबू बांधताना तारेने तिचा तळहात चिरला. रक्त पुसत ती मोबाईलकडे बघत बसली. तिसऱ्या प्रहरी दुकानाच्या पेटीने हाक ऐकली. शेपटाकडचे बाराही मीटर तर आधीच बोलू लागले होते, घरच्यापेक्षा खणखणीत.

*

चौथ्या दिवशी ठेकेदार काठावर आला. पांढरे बूट, चिखलात पाय न टाकता लांबूनच उभा. त्याच्या पुढे त्याने वॉल्ववाल्याला उभं केलं होतं.

"सांग तिला," ठेकेदार म्हणाला.

वॉल्ववाल्याने घसा साफ केला. पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता. "काढ ती. बाहेर काढ."

नावेत वाइंडिंगवाली सौर पत्रा पुसत होती. "तुम्ही सांगताय का ते सांगतायत?"

ठेकेदाराने त्याच्या पाठीवर थाप दिली, लोक बैलाला देतात तशी. "अरे बोल की. घरात चालत नाही वाटतं तुझं?" मागच्या दोघांना हसू फुटलं. "वहिनी, तळं सरकारी आहे. अशा वस्तू पाण्यात ठेवता येत नाहीत."

"कोळ्यांची जाळी चालतात, तुमच्या बागेचा चोरपाइप चालतो," वाइंडिंगवाली म्हणाली. "माझीच पेटी पाणी पिते का?"

आबा नावेत ताठ उभे राहिले. नाव डुगडुगली. "ए बुटवाल्या! मी माझ्या घरात उभा आहे. सरकारने नुकसानभरपाईचा कागद दिला तेव्हा ह्याच घराचा नंबर लिहिलाय त्यावर. तुला माझं घर दिसत नसेल तर बुडी मारून बघ!"

आता काठावरचे कोळीही हसले. ठेकेदाराचे कान लाल झाले. तो वळला, आणि वळताना वॉल्ववाल्याला म्हणाला, "चल रे. तुझी बायको आणि तुझा बाप. तू आपला वॉल्व फिरव."

वॉल्ववाला त्याच्या मागे गेला. वाइंडिंगवालीला त्याची पाठ दिसत होती, उजवा खांदा खाली झुकलेला. तिला ओरडून काही म्हणावंसं वाटलं. ती पुन्हा सौर पत्रा पुसू लागली.

*

आठव्या दिवशी सकाळी पंपघरासमोर सभा भरली. सावलीत डोक्याकडचे बसले, उन्हात शेपटाकडचे. नेहमी तसंच बसत.

रिचार्जवालीने मोबाईल सगळ्यांच्या हातातून फिरवला. तक्रार फेटाळली. सात दिवस, तीन पेट्या, एकोणसाठ साक्षी.

"सगळ्यात जास्त कुणाच्या, वाचा," वाइंडिंगवाली म्हणाली.

"पंपघर," एकाने वाचलं आणि ठेकेदाराकडे बघितलं. उन्हात बसलेले हसले. सावलीतलेही एकदोघे हसले.

ठेकेदार पुष्कळ सभा कोळून प्यालेला. तो शांतपणे म्हणाला, "पेटी गेल्या आठवड्यात पाण्यात गेली. त्याआधी कुठं होती?"

"माझ्या छपरावर," वाइंडिंगवाली उभी राहून म्हणाली. "पत्ता चुकीचा पडला होता."

"चुकीचा नाही," आबा मागून म्हणाले.

"आबा, जरा थांबा. दीड वर्ष छपरावर होती, हे मी कुणापासून लपवत नाही. पण नोंद मीटरची आहे. पेटी नुसती पोचवते. पोस्टमन कुठं राहतो ह्यावरून पत्रातला मजकूर खोटा ठरतो का? आणि हे सात दिवस तर ती पत्त्यावर होती ना? सात दिवसांची नोंद बघा. तीन तास. तीन तास. सव्वातीन. तीन. पुढचंही वाचू का?"

कुजबुज वाढली. ठेकेदाराने हात वर केला.

"बरं. पेटी खरी. वहीपण खरी. पण मीटरच्या तारा जोडल्या कुणी?" त्याने तिच्या काळ्या हातांकडे बोट केलं. "हिनेच ना? जी बाई जळकी मोटार फिरवते तिला मीटर फिरवणं काय अवघड आहे? यंत्राचं सोडा. माणसाला विचारू. सहा वर्षं पाणी कोण सोडतो? हिचाच नवरा. तो काही माझ्या बाजूने खोटं बोलणार नाही. ऊठ रे. सभेला सांग, शेपटाला किती तास पाणी सोडतोस?"

पंपाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

वॉल्ववाला पंपघराच्या भिंतीशी चावी धरून बसला होता. तो उठला. त्याने बायकोकडे बघितलं नाही. तिनेही त्याच्याकडे बघितलं नाही. ती समोरच्या मातीकडे बघत होती आणि चिरलेला तळहात दुसऱ्या हातात घट्ट धरून होती. हा आता आठ म्हणाला, तर ह्या माणसाबरोबर पुन्हा एका घरात कसं जेवायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

त्याचे ओठ हलले.

"मोठ्याने," सावलीतून कुणीतरी म्हणालं.

"तीन."

"काय?"

"तीन तास सोडतो," वॉल्ववाला म्हणाला. आवाज फुटला, मग सावरला. "मीटर बरोबर आहेत. उरलेले पाच तास बागेला जातात. हे सांगतात तेव्हा मी बंद करतो. बाराही वॉल्व. सगळ्यात आधी माझ्या स्वतःच्या शेताचा बंद करतो. कारण तिथून कुणी भांडायला येणार नाही हे मला माहीत होतं."

वाइंडिंगवालीचा चेहरा तापला. तिला एवढ्या लोकांत आपल्याला कुणी नागडं केल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी सात महिन्यांत पहिल्यांदा तिला नीट श्वास आला.

"चावी ठेव," ठेकेदार म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "इथं माझ्यासमोर ठेव आणि चालायला लाग. उद्यापासून तोंड दाखवू नकोस."

वॉल्ववाल्याने चावी खांद्यावर घेतली. दुखऱ्या खांद्यावर.

"चावी सभेच्या पैशाची आहे," तो म्हणाला. "सभेने मागितली तर ठेवतो."

त्याने सगळ्यांकडे बघितलं, आधी सावलीत, मग उन्हात. ठेकेदारही बघत होता. कुणी मागितली नाही. सावलीतला एक जण खाकरला आणि बूट काढून झटकू लागला.

मग उन्हातून ती कपडा पिळणारी म्हातारी कमरेवर हात देत उठली. "अरे, उभा काय राहिलास? शेपटाची पाळी लागली. वाजले किती? आमची रोपं काय तुमच्या ठरावाची वाट बघत बसतील?"

लोक उठले. सभेला आणखी पुष्कळ काही ठरवायचं होतं, करार रद्द, नवा माणूस, बागेचा पाइप. ते सगळं दुपारपर्यंत भांडत भांडत ठरलं. पण शेपटाकडचे तेवढा वेळ थांबले नाहीत. वॉल्ववाला पुढे आणि अकरा घरं मागे, अशी वरात पाइपाच्या कडेने निघाली.

एकेका वॉल्वपाशी तो गुडघ्यावर बसला, चावी घातली, फिरवली. पाइपात गुरगुर व्हायची आणि पुढचं माणूस आपल्या रानाकडे पळायचं. सहाव्या वॉल्वला त्याचा हात वर जाईना. वाइंडिंगवाली समोर बसली आणि चावीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून फिरवलं. सातवा, आठवा, नववा. त्यांच्या कपाळांवरून घाम एकाच लोखंडावर पडत होता आणि दोघंही एकमेकांकडे बघत नव्हती.

"माफ केलंय असं समजू नका," दहाव्या वॉल्ववर ती म्हणाली.

"नाही समजत."

"नोकरीचं बघू. मोटारी उचलायला मला माणूस लागतो."

"खांदा..."

"खांद्याचंही बघू."

शेवटी आपल्या रानापाशी आले. वॉल्व उघडताच नळीच्या तोंडातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी सरीत धावलं. मिरचीच्या पहिल्या ओळीखालची माती काळी झाली, दुसरीखालची झाली. ती पाण्यात पाय रोवून उभी राहिली. वॉल्ववाला चावीवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. इथलं सात महिन्यांचं पाणी त्यानेच तोडलं होतं, आणि आज चावी त्याच्याच हातात होती.

"आपल्याला किती सोडू?" त्याने चाचरत विचारलं. "मागचं भरून निघेल इतकं..."

"आठ तास," ती म्हणाली. "एक मिनिट कमी नाही आणि एक मिनिट जास्त नाही. पेटी ऐकतेय."